उन्हाळ्याच्या सुटींत आपलें नगर

दरवर्षीं जून महिन्यांत शाळा उघडली कीं पहिल्या आठवड्याच्या मराठी निबंधाचा विषय बहुधा ठरलेला असतो : 'मीं सुटी कशी घालविली'. हे निबंध तपासण्याचें काम गेलीं कित्येक वर्षें माझ्याकडे आहे, आणि त्यांतील एक गोष्ट मनाला नेहमीं लागून राहते. महाबळेश्वर, माथेरान, गोवें, मुंबई हीं नांवें निबंधांतून पुष्कळ येतात. परंतु त्यांपैकीं कांहीं निबंध असे असतात कीं, लिहिणारा मुलगा त्या ठिकाणीं गेलेलाच नाहीं हें दुसऱ्या परिच्छेदापर्यंत कळून चुकतें. महाबळेश्वरास त्याच्या पायाशीं समुद्राच्या लाटा येतात. माथेरानच्या पेठेंत, जेथें मोटारींस मज्जाव आहे तेथें, त्याच्या काकांची मोटार उभी राहते. असा मुलगा स्वभावतः खोटें बोलणारा नसतो. त्याच्या वडिलांस रजा मिळालेली नसते, किंवा घरांत दुखणें असतें, किंवा पुस्तकें व फी यांनंतर प्रवासास कांहीं उरलेलें नसतें. आणि शेजारच्या बाकावरील मुलापुढें 'आम्ही कोठेंच गेलों नाहीं' असें लिहावयास त्याला लाज वाटते. ज्याच्या दारापासून अर्ध्या तासाच्या वाटेवर निजामशाही राजधानीचा किल्ला उभा आहे, त्याला लिहिण्यासारखें कांहीं सांपडूं नये याचें कारण एवढेंच कीं, तो किल्ला त्याला कोणी हात धरून दाखविलेला नसतो.

म्हणून हा लेख विद्यार्थ्यांबरोबर त्यांच्या आईबापांसाठींहि आहे. आपल्या अहमदनगरास २०२४ सालीं अहिल्यानगर हें नांव मिळालें. तरी बोलतांना आपण सारे 'नगर'च म्हणतों. या नगरांत लहान मुलांस घेऊन काय पाहावें, कोणत्या क्रमानें पाहावें, आणि तेथें त्यांच्याशीं काय बोलावें, हें मी आमच्या घरच्या अनुभवावरून सांगणार आहें. आमचा मुलगा नऊ वर्षांचा व मुलगी सहा वर्षांची आहे. यंदा माझी आई पाय मोडल्यामुळें अंथरुणावर होती. तिला टाकून परगांवीं जाणें शक्य नव्हतें. तेव्हां सकाळीं निघावयाचें आणि तिच्या जेवणाच्या वेळेपर्यंत परत यावयाचें, अशी आमच्या सहलींची मर्यादा आपोआपच ठरून गेली.

ही मर्यादा एरव्हींहि पाळण्यासारखी आहे. नगरच्या मे महिन्यांत पारा चाळीस अंशांच्या आसपास खेळत असतो, आणि काळ्या दगडाच्या इमारती दहा वाजतां तापूं लागतात. साडेसहाला घर सोडावें, दहाच्या आंत उंबरठ्यावर यावें. एका दिवशीं एकच स्थळ पाहावें. एका सकाळींत पांच स्थळें उरकणारीं कुटुंबें मीं पाहिलीं आहेत. त्यांच्या मुलांना संध्याकाळीं विचारावें, तर त्यांना आईसफ्रूट तेवढें आठवत असतें. बरोबर पाणी भरपूर घ्यावें, डोक्याला टोपी असावी, आणि फडक्यांत बांधलेल्या दशम्या व गूळशेंगदाणे असावे. याखेरीज दोन वस्तू मी आग्रहानें सांगतों : एक वही-पेन्सिल, आणि दुसरी सुतळीचें भेंडोळें. या सुतळीला प्रत्येक मीटरावर एक गांठ मारावी. अशी सुतळी हातीं आली कीं मूल नुसतें पाहणारें राहत नाहीं, तें मोजणारें होतें. फोनवर चित्रें काढावयाचीं असल्यास तीं शेवटीं, निघतांना काढावीं.

बहुतेक लोक आरंभ किल्ल्यापासून करितात. लहान मुलांसाठीं आरंभ हत्तीपासून करावा, असें माझें मत आहे. शहरालगतच्या बागरौजांत निजामशाहीचा संस्थापक अहमद निजामशहा याची कबर आहे, आणि तिच्याजवळच एका हत्तीचें थडगें दाखवितात. त्या हत्तीचें नांव गुलामअली. १५६५ सालीं तालिकोटच्या लढाईंत विजयानगरच्या रामराजास ज्यानें धरलें तो हाच हत्ती, असें सांगण्यांत येतें. राजाच्या कबरीपुढें आमचीं मुलें शिष्टाचारापुरतीं उभीं राहिलीं; हत्तीच्या चौथऱ्याभोंवतीं मात्र तीं पाऊण तास होतीं. सुतळी सोडून लांबी-रुंदी वहींत मांडली गेली, आणि एवढ्या जागेंत हत्ती उभा पुरला असेल कीं आडवा, यावर वाद झाला. मग मुलगी म्हणाली, "बाबा, आपण कोणाला धरलें हें हत्तीला ठाऊक होतें का?" रामराजास धरून नेल्यावर हुसेन निजामशहानें त्याचा शिरच्छेद करविला आणि त्यानंतर तें वैभवशाली विजयानगर लुटलें गेलें, हें तिला सांगून झाल्यावरचा हा प्रश्न होता. मीं "नसावें" असें म्हटलें. वर्गांत तालिकोटचा धडा शिकवितांना असा प्रश्न मला कोणीं विचारल्याचें स्मरत नाहीं.

हत्तीमुळें मग राजाकडे लक्ष गेलें. अहमदनें १४९० सालीं बहामनी सैन्याचा पराभव केला, आणि जेथें जय मिळाला तेथें सीना नदीच्या कांठीं आपल्या नांवानें शहर वसविलें. त्या विजयाचा दिवस २८ मे हाच नगरचा स्थापनादिन मानतात. तो नेमका सुटींत येतो, ही आपणांस मोठीच सोय आहे. अहमदचा बाप मलिक हसन हा मूळचा ब्राह्मण, व त्याच्या घराण्याचा पाथरीच्या कुळकर्णीपणाशीं संबंध होता, असें फिरिश्ता लिहितो. हा फिरिश्ता, ज्याच्या ग्रंथावांचून दक्षिणेचा इतिहास लिहितां येत नाहीं, तो लहानपणीं बापाबरोबर याच शहरांत आला व येथेंच वाढला. मुलांना हें अवश्य सांगावें. इतिहास लिहिणारा मनुष्यहि कधीं काळीं याच गल्ल्यांतून धांवला असेल, हें कळलें म्हणजे पुस्तकांतलें नांव जिवंत होतें.

आतां किल्ला. त्याला दोन सकाळी द्याव्या. तो लष्कराच्या ताब्यांत असल्यामुळें प्रवेशाचे दिवस व नियम आधीं विचारून घ्यावे आणि वडील मंडळींनीं ओळखपत्र जवळ ठेवावें. डोंगरी किल्ले पाहिलेल्या मुलांचा येथें प्रथम हिरमोड होतो, कारण हा भुईकोट आहे. चढण नाहीं, कडा नाहीं. म्हणून पहिला प्रश्न असा करावा कीं, सपाट जमिनीवर राहणाऱ्या राजानें शत्रूला अडवावें कसें? उत्तर मुलेंच शोधतात : भोंवतीं खणावें, आणि खणून निघालेलें आंत रचावें. खंदक आणि तट या दोन वस्तू एकाच कामाच्या दोन बाजू आहेत, हें त्यांना तेथें उभें राहिल्यावर चटकन् कळतें. मूळच्या कोटाच्या जागीं हा भक्कम दगडी किल्ला सोळाव्या शतकाच्या मध्यास हुसेन निजामशहानें बांधविला. आकार जवळजवळ वाटोळा आहे, घेर पावणेदोन किलोमीटरांच्या आंतबाहेर आहे, आणि वीसांहून अधिक बुरूज आहेत. बुरूज कां गोल, याचेंहि उत्तर मुलांना सुचूं द्यावें. आमच्या मुलानें कोपऱ्याचा दगड व नदींतला गोटा यांतील कोणता लवकर फुटतो, अशी उपमा काढून तें दिलें.

जेवढें फिरूं दिलें तेवढें आम्ही फिरलों. दर बुरुजाला एक खडा खिशांत टाकावयाचा, असा नियम केला होता. शेवटीं दोघांचे खडे मोजले तों तीनांचा फरक! दोघेंहि आपलाच आंकडा खरा म्हणून हटून बसलीं. मीं कोणाचीच बाजू घेतली नाहीं. दुसऱ्या दिवशीं पुन्हा मोजा, एवढेंच सांगितलें. थकून परततांना मुलाला यरीहोची आठवण झाली. "तिथें लोक सात दिवस फिरले, आणि आपण एकदांच!" असें म्हणून त्यानें तटाकडे पाहिलें, तट जागच्या जागीं होता.

चांदबीबीची कथा येथेंच सांगितली पाहिजे. हुसेन निजामशहाची ही मुलगी, विजापूरच्या अली आदिलशहाची विधवा. १५९५ सालीं अकबराचा पुत्र मुराद मोगल फौज घेऊन आला तेव्हां माहेरच्या या किल्ल्याचें रक्षण तिनें पत्करलें. मोगलांनीं तटाखालीं सुरुंग पेरले. त्यांतला एक उडाला व तटाला खिंडार पडलें. लोक पळूं लागले असतां ती स्वतः शस्त्र घेऊन खिंडारांत उभी राहिली, आणि रातोरात तें बांधून काढविलें. तोफगोळे सरले तेव्हां तिनें नाणीं तोफेंत घालून डागलीं, अशीहि दंतकथा आहे. ती दंतकथा म्हणूनच सांगावी. मुलांना तिची गोडी त्यामुळें कमी होत नाहीं. १५९६ सालीं वऱ्हाड देऊन तह झाला व राजधानी वांचली.

येथवर गोष्ट सोपी आहे. पुढची सांगावी कीं नाहीं, यावर आमच्या घरांत आदल्या रात्रीं बोलणें झालें होतें. १६०० सालीं मोगल पुन्हा आले. टिकाव लागत नाहीं असें पाहून चांदबीबी तहाची बोलणीं करूं लागली, तों ती शत्रूला फितूर झाली अशी आवई उठविण्यांत आली, आणि तिच्याच लोकांनीं तिला ठार मारिलें. त्यानंतर थोड्याच दिवसांत किल्ला पडला. माझ्या पत्नीचें म्हणणें असें कीं, सहा वर्षांच्या मुलीला एवढें कशाला सांगावें? तिचें म्हणणें चूक होतें असें मी म्हणणार नाहीं. तरी आम्हीं सांगितलें, कारण अर्धीच कथा सांगितल्यास तीच मुलगी चार वर्षांनीं उरलेली अर्धी पुस्तकांत वाचील आणि घरच्यांनीं ती आपणांपासून दडविली असें तिला वाटेल. मुलीनें सर्व ऐकून घेतलें. घरीं आल्यावर, हातपाय धुतांना, ती आईला म्हणाली, "तिनें भिंत बांधली तेव्हां तेच लोक तिच्याबरोबर होते ना?" आईनें "कांहीं असतील" एवढेंच म्हटलें.

दुसऱ्या सकाळीं आम्हीं नेत्यांचा बंदिवास पाहिला. ९ ऑगस्ट १९४२ रोजीं काँग्रेसच्या कार्यकारिणीचे सभासद पकडून या किल्ल्यांत आणण्यांत आले. पंडित नेहरू, मौलाना आझाद, सरदार पटेल, आचार्य कृपलानी, गोविंदवल्लभ पंत, आचार्य नरेंद्र देव, आपले शंकरराव देव हे त्यांत होते. नेहरूंनीं 'डिस्कव्हरी ऑफ इंडिया' हा ग्रंथ १९४४ सालीं येथेंच लिहिला. मोठ्या मुलांना एवढें पुरे असतें, लहानांना तें पुरत नाहीं. त्यांना असें सांगावें कीं, नेहरू अंगणांतील जमीन खणून बाग करीत, आणि खणतांना त्यांच्या कुदळीला जुन्या भिंतींचे अवशेष लागत. आणि मौलाना आझाद यांच्या खोलींत चिमण्या घरटीं करीत. प्रथम ते त्यांच्या काडीकचऱ्यानें त्रासले, त्यांना हांकलण्याची मोहीम काढली, आणि हरल्यावर त्यांच्याशीं दोस्ती केली. दाणे टाकून टाकून चिमण्या हातापर्यंत येऊं लागल्या. 'गुबार-ए-खातिर' या त्यांच्या पत्रसंग्रहांत ही हकीकत मोठ्या रसाळपणें आली आहे. आमच्या मुलीनें त्यानंतर आठ दिवस आजीच्या खाटेपाशीं बसून खिडकींत तांदूळ टाकले. चिमण्यांऐवजीं साळुंक्या आल्या.

त्याच पुस्तकाच्या अनुषंगानें मुलाला मीं एक गोष्ट निराळी सांगितली. १९४३ च्या एप्रिलांत मौलानांच्या पत्नी कलकत्त्यास वारल्या, त्या वेळीं ते या भिंतींच्या आंत होते. मुलगा बराच वेळ कांहीं बोलला नाहीं. मग त्यानें आजी आतां काय करीत असेल असें विचारलें, आणि त्या दिवशीं आम्ही ठरल्या वेळेच्या अर्धा तास आधींच घरीं आलों.

किल्ल्याजवळची दमडी मशीद चुकवूं नये. १५६७ सालची ही छोटी इमारत. तिच्या दगडावरील नक्षी इतकी बारीक कीं, पेन्सिलीनें तिचा एक चौरस वहींत उतरविण्यास मुलांना एक तास लागावा. किल्ल्यावर राबणाऱ्या मजुरांनीं एकेक दमडी देऊन ती बांधली, असें परंपरा सांगते.

शहराच्या पूर्वेस पाथर्डीच्या रस्त्यानें गेल्यावर डोंगराच्या माथ्यावर जी अष्टकोनी तिमजली इमारत दुरून दिसते, तिला सारा गांव चांदबीबीचा महाल म्हणतो. ती महाल नव्हे, आणि चांदबीबीची तर नव्हेच. मुर्तजा निजामशहाचा मंत्री सलाबतखान याची ती कबर आहे; तळघरांत थडगीं आहेत. उंची सुमारे ७० फूट. येथें मीं मुद्दाम आधीं कांहीं सांगितलें नाहीं. "हा राणीचा महाल, तर राणीची निजावयाची खोली, मुदपाखाना व पाण्याचा हौद शोधून काढा," असें मुलांना सांगितलें. अर्ध्या तासानें दोघें येऊन म्हणालीं, येथें कोणी राहत नसावें. मग तळघराकडे गेलों. लोकांच्या तोंडचें नांव व दगडाची साक्ष यांत विरोध आल्यास दगडाला विचारावें, हें मोठ्या शब्दांनीं सांगण्यापेक्षां असें सांगितलेलें बरें. यहोशवाच्या पुस्तकांत यार्देनेंतून उचलून आणलेल्या बारा धोंड्यांची हकीकत आहे, ती वाचकांस ठाऊक असेलच. पुढें मुलें या धोंड्यांचा अर्थ विचारतील, हें ते धोंडे ठेवणाऱ्यांनीं आधींच जाणलें होतें. माथ्यावर वारा इतका असतो कीं टोप्या हातांत धराव्या लागतात.

फराहबागेची मात्र आजची अवस्था पाहून मन उदास होतें. एका विस्तीर्ण तलावाच्या मधोमध हा अष्टकोनी प्रासाद १५८३ सालीं पुरा झाला. सभोंवार पाणी, त्यावरून येणारा गार वारा, अशी राजाची उन्हाळ्याची सोय होती. आज तलाव कोरडा आहे. "पाणी कोठें गेलें?" हा प्रश्न प्रत्येक मूल विचारतें, आणि 'आटलें' हें त्याचें उत्तर अपुरें आहे. पाणी येथें आपोआप नव्हतेंच. तें आणलेलें होतें. कापूरवाडीसारख्या डोंगरालगतच्या गांवांतून जमिनीखालीं मातीच्या खापरी नळांनीं तें शहरांत खेळविलें होतें. एंजिन नाहीं, विजेचा पंप नाहीं; मग पाणी चालत कसें आलें? याचा प्रयोग घरीं करावा. रबराची एक लांब नळी घ्यावी, तिचें एक टोंक उंच ठेवलेल्या बादलींत बुडवून नळी पाण्यानें भरून घ्यावी, आणि दुसरें टोंक अंगणांत धरावें. तें बादलींतल्या पाण्याच्या पातळीखालीं असेपर्यंत पाणी वाहतें. पातळीच्या वर उचललें कीं थांबतें. नळी मधें कितीहि वांकडीतिकडी गेली तरी चालते. आमच्या मुलानें टोंक वरखालीं करीत भिंतीवर खडूनें खूण केली, तेव्हां ती बादलींतल्या पाण्याच्या रेषेशीं जुळली. मग डोंगराकडचें गांव शहराहून उंच असलें पाहिजे, हें अनुमान त्याचें त्यानेंच काढलें. आपला जिल्हा अवर्षणाचा. आपल्या नळाला पाणी कोणत्या दिवशीं येतें हें येथील प्रत्येक मूल जाणतें. अशा मुलांना चार शतकांपूर्वींची ही युक्ति राजांच्या वंशावळींहून अधिक जवळची वाटते, आणि वाटावी.

रणगाड्यांचें संग्रहालय १९९४ सालीं लष्करानें उघडलें. तेथें रोल्स-रॉइसच्या चिलखती गाडीपासून आपल्या विजयंत रणगाड्यापर्यंत पुष्कळ वाहनें मांडलीं आहेत. मला स्वतःला त्यांची फारशी गोडी नाहीं. मुलाला होती, म्हणून दोन तास सावलींत बसून राहिलों.

एक फेरी आपल्या मंडळीच्या जुन्या जागांसाठीं ठेवावी. अमेरिकन मराठी मिशननें १८३१ सालीं येथें ठाणें घातलें. १८४२ सालीं 'ज्ञानोदय' याच शहरांत निघाला. रेव्हरंड नारायण वामन टिळक व लक्ष्मीबाई येथें राहिलीं. परंतु मुलींच्या आईबापांनीं आवर्जून सांगावी ती मिस सिंथिया फरार यांची कथा. या अमेरिकन बाईंनीं नगरांत मुलींच्या शाळा चालविल्या. त्या पाहून जोतीराव फुले यांस स्फूर्ति झाली, आणि १८४८ सालीं पुण्यास त्यांची मुलींची शाळा निघाली. आमच्या मुलीला हें माझ्या आईनेंच सांगितलें, कारण आमच्या घराण्यांत प्रथम अक्षर ओळखणारी स्त्री म्हणजे तिची आजी, आणि ती याच शहरांतल्या मिशन शाळेंत शिकली. तो दिवस आम्हीं बाहेर न जातां खाटेभोंवतीं घालविला, आणि तोहि सहलींतच मोजला.

मुलांच्या वहीचें काय करावें, असें पालक विचारतात. ती तपासूं नये, शुद्धलेखन तर मुळींच दुरुस्त करूं नये. संध्याकाळीं ती कोणाला तरी वाचून दाखवावयास सांगावें. आमच्याकडे ऐकणारी आई होती. तिचा जन्म नगरचा, वय पाऊणशें. पण हत्तीचें थडगें तिनें पाहिलेलें नव्हतें, आणि आहे हें तिला खरेंच वाटेना. पाय बरा झाल्यावर रिक्षांतून तिला तेथें न्यावयाचें ठरलें आहे. रिक्षा उभी राहते तेथपासून चौथऱ्यापर्यंत तिला किती चालावें लागेल, हें मोजून आणण्यासाठीं मुलगा सुतळी घेऊन पुन्हा एकदां जाऊन आला.